फारकतीचा रोडगा

आचाऱ्याची वही मी पहिल्यांदाच नीट पाहिली. तारीख, गाव, पानं किती आणि चौथ्या रकान्यात 'कार्य'. लग्न, साखरपुडा, बारसं, जावळ, तेरवी, वर्षश्राद्ध, भंडारा, एक रिटायरमेंट, एक ट्रॅक्टर. होय, ट्रॅक्टर. सेनगाव तालुक्यात कुणीतरी नवा ट्रॅक्टर घेतला म्हणून दीडशे पानं उठवली होती. मी माझ्या बहिणीच्या लेकीच्या जेवणाची तारीख सांगितली: १० मे, रविवार, संध्याकाळी, पानं ऐंशी. त्याने लिहून घेतलं आणि पेन चौथ्या रकान्यावर अडलं. "मावशे, कार्य काय म्हणून लिव्हू?" मी म्हटलं, "फारकत." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, शब्द लिहिला आणि लगेच पुढचं विचारलं, "मंग गोड काय करायचं?"

आचाऱ्याला प्रश्न पडला तो जेवणाचा. गुरुजींना पडले ते सगळे दुसरेच.

गुरुजी म्हणजे बहिणीच्या गावातले सेवानिवृत्त शिक्षक. माझ्या भाचीला बाराखडी त्यांनीच शिकवली. त्यांनी मला दोन पानांचं पत्र धाडलं आहे; अक्षर अजून मोत्यासारखं. पण ते माझ्या हाती पडायच्या आधी मारुतीच्या पारावर वाचून झालं होतं, म्हणून उत्तरही चारचौघांत देते आहे. पत्राचा मजकूर थोडक्यात असा: घटस्फोटाचं जेवण हे परदेशी खूळ आहे, मोडलेल्या संसारावर जेवणावळ घालणं म्हणजे मढ्यावर ताव मारणं, असल्या जेवणांनी पोरींना फूस मिळेल, लेकराच्या मनावर परिणाम होईल, आणि गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत शेतं खरवडून गेलेल्या जिल्ह्यात हा खर्च शोभत नाही. शेवटी, 'राग मानू नये, वडीलकीच्या नात्याने लिहिलं.' राग मानलेला नाही, गुरुजी. वडीलकी मान्यच आहे. मजकूर मान्य नाही.

परदेशी खुळापासून सुरुवात करू, कारण पारावर टाळ्या याच वाक्याला पडल्या म्हणे.

'घटस्फोट' हा शब्द आपल्याकडे कागदांतून आला. माझी आजी तो शब्द कधी बोलली नाही. ती म्हणायची फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड. काडीमोड म्हणजे खरोखरच काडी मोडायची, चारचौघांसमोर, बैठकीत. १८२७ साली आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जातीजातींचे रिवाज गोळा करून छापले, त्यात सोडचिठ्ठीच्या चाली नोंदलेल्या आहेत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने होणारी फारकत कलम २९ मध्ये राखून ठेवली आहे. ज्या जातींत पाट लागायचा, मोहोतूर व्हायचं, म्हणजे बाईचं दुसरं लग्न व्हायचं, त्या जातींत संसार मोडणं ही जगबुडी नव्हती. मुंबई राज्यात १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला, त्याआधी १९३१ साली बडोद्याला सयाजीरावांनी केला. आपली हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तरी इथल्या बायका नांदेनाशा झाल्या की बैठक बसायची आणि काडी मोडायची. कायदा नव्हता तेव्हाही हे चालत होतं.

आणि जेवण? तेही होतं. कित्येक जातींत पंच दंड ठोठावायचे आणि त्या दंडातून, नाहीतर वर आणखी, जातीला जेवण पडायचं. चुकलेल्याला पुन्हा पंगतीत घ्यायचं तर त्याने आधी पंगत घालायची, हा आपला जुना हिशेब आहे. 'पंगतीला घेणं' या शब्दात तोच हिशेब आहे. म्हणजे संसार मोडल्यावर चूल पेटायची, पातेली चढायची, गावातली शहाणी माणसं पोटभर जेवून उठायची. फक्त जिचा संसार मोडला ती त्या पंगतीत नसायची. बापाचा बैल विकून झालेलं जेवण पंचांनी खाल्लं तर तो रिवाज, आणि तिने स्वतःच्या अंगणात चार माणसं जेवू घातली तर परदेशी खूळ? गुरुजी, बदल एवढाच आहे की आता पानावर कुणी बसायचं हे ती ठरवते आहे. तुमचं दुखणं तिथे आहे, असं मी म्हटलं तर वडीलकीला बाध येईल. म्हणून म्हणत नाही.

जात-पंचायतीने दंड घेणं, वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो ३ जुलै २०१७पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण वाळीत टाकायला पंचायत लागतेच असं नाही. हळदीकुंकवाला न बोलावणं पुरतं.

इथे थोडं थांबते, कारण हे आपल्या जिल्ह्यात विशेष बोचतं. आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुम्हीच पारावर पेढे वाटले होते. ती हळद खणायला, गड्डे फोडायला, शिजवलेली पसरायला बायका लागतात. त्यात टाकलेल्या असतात, सोडलेल्या असतात, विधवा असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात, धुतले तरी चार-चार दिवस जात नाहीत. त्याच हातांना संक्रांतीला बोटभर हळद लावायची वेळ आली की आपण त्यांना टाळून पुढच्या घरी जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या गावानेही ठराव केला असेल नसेल. माझ्या भाचीला मात्र मागच्या तीन संक्रांतींत एका घरचं बोलावणं आलं, तेही चुकून. त्या घरच्या बाईने बोलावणं द्यायला जावेच्या पोरीला पाठवलं होतं, ती दार चुकली.

आता रोडगा. आचाऱ्याने गोड काय विचारलं तेव्हा आम्ही दोघी बहिणी बराच वेळ भांडलो. नुक्ती केली तर लग्न वाटतं. नुक्तीच केली तर तेरवीही वाटते, हा आपल्याकडचा घोळ. त्याच कढईतला तोच गोडवा दोन्हीकडे. पुरणपोळीला सणवार लागतो. मग भाचीच म्हणाली, रोडगे करू. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, गोडाला गूळ-शेंगदाण्याचा लाडू. मला ते ऐकून आधी हसू आलं आणि मग लक्षात आलं की पोरीने नकळत केवढं मोठं बोट ठेवलं आहे.

गुरुजी, तुम्ही कीर्तनाला टाळ धरता. पैठणच्या एकनाथ महाराजांचं (१५३३–१५९९) भवानीआईला रोडगा वाहण्याचं भारूड तुम्ही साभिनय म्हणता, मी ऐकलं आहे, डोक्यावर उपरण्याचा पदर घेऊन. त्यात कोण बोलतं? एक सून. ती देवीला रोडगा बोलते. कशासाठी? सासरा, सासू, जाऊ, नणंद आणि शेवटी दादला, या सगळ्यांतून एकदाची सुटका व्हावी म्हणून. लोक हसतात, बाया तोंडाला पदर लावून जरा जास्तच हसतात. म्हणजे सासरातून मोकळं होण्याचा नवस आणि त्या नवसाचा पदार्थ हे दोन्ही आपल्या गोदाकाठच्या माणसाने सोळाव्या शतकात एकत्र बांधून ठेवले. पुण्याच्या कुठल्या कार्यक्रम-व्यवस्थापकाने नाही.

तुम्ही म्हणाल, ते रूपक आहे. सासरा म्हणजे अहंकार, नणंद म्हणजे अमुक, दादला म्हणजे तमुक. मान्य, शंभर वेळा मान्य. नाथांना अध्यात्मच सांगायचं होतं. पण रूपक कुठल्या गोष्टीवर रचायचं, हे ऐकणाऱ्याला काय माहीत आहे त्यावर ठरतं. समोर बसलेल्या बायांना सासरचा जाच काय असतो हे अंगावरच्या वळांइतकं ठाऊक नसतं, तर ते रूपक पहिल्या कडव्यातच आडवं झालं असतं. नाथांनी ती सून शोधून काढली नाही; ती दर घरी होती. तिचा नवस तुम्ही चारशे वर्षं गाऊन घेतला. आता एकीचा नवस खरोखर फळला आहे आणि ती रोडगा वाहायला उभी आहे, तर म्हणता, हे आपल्यात नाही.

'मढ्यावर ताव' या शब्दांकडे वळते. शब्द कडू आहेत, पण तुलना चुकून बरोबर झाली आहे. आपण मढ्यामागे जेवतोच, गुरुजी. तेराव्या दिवशी गाव जेवतं. माणूस गेल्याचा आनंद झाला म्हणून नव्हे. ज्या घरात तेरा दिवस चूल नीट पेटली नाही त्या घरी जाऊन, त्या घरचं अन्न खाऊन, गाव सांगतं की आता तुम्ही आमच्यातले. तेरवी झाली की त्या घरी जायला-यायला लोक मोकळे, त्यांनाही बाजारहाट, लग्नकार्य मोकळं. केवढी शहाणी सोय आहे ही! दुःखाला शेवटची तारीख देणारी.

फारकतीला तेरावा दिवस नाही. नवरा मेला तर दिवस मोजायला सुरुवात तरी होते. नवऱ्याने सोडलं, किंवा तिने सोडलं, तर मोजणीच सुरू होत नाही. ती माहेरी येते आणि 'बसलेली' होते. 'लेक काय करते?' 'बसलीय माहेरी.' सकाळी पाचला उठून शेणपाणी, मग दुसऱ्याच्या रानात सोयाबीनची काढणी, संध्याकाळी शिलाई मशीन, आणि शब्द काय? बसलीय! हे बसणं संपवायला काहीतरी लागतं. कोर्टाचा हुकूमनामा लागतो हे खरं, पण तो कपाटात जातो. गावाला तो वाचता येत नाही. गावाला पंगत वाचता येते.

मी ज्याला जेवण म्हणते आहे ते एवढ्यासाठी आहे. गावाने येऊन, मांडी घालून, तिच्या हातचं नव्हे, तिच्या घरचं खायचं. मग दुसऱ्या दिवसापासून तिला 'काय झालं गं' विचारायचं नाही.

एका नातेवाइकाने मधला मार्ग सुचवला होता: जेवण नर्सीला घाला. नामदेवांचं जन्मगाव, भंडारे तिथे नेहमीचे. वारकरीही येतात, पंजाबातले शीखही येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्या दारात कोण सधवा, कोण सोडलेली, कुणी विचारत नाही. सूचना प्रेमाची होती. भाची म्हणाली, "तिथं कुणी विचारणार नाही, म्हणून तर नको. मला विचारलेलं पाहिजे. एकदाच विचारा, सगळ्यांसमोर, मी सांगते." मला यावर काही बोलता आलं नाही. जेवण अंगणात ठरलं.

फूस मिळेल, हे तुमचं तिसरं कलम. फारकत किती सोपी आहे हे सांगायला मी तुम्हाला दोन वर्षं आमच्याबरोबर एसटीने तालुका-जिल्हा करायला लावलं असतं. संमतीच्या घटस्फोटाचं कलम '१३ ब' हे १९७६ साली कायद्यात आलं. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे, मग अर्ज, मग सहा महिने थांबा, मग पुन्हा उभे राहून तेच सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटलं की योग्य प्रकरणात ते सहा महिने माफ करता येतात. आमचं प्रकरण त्यात बसलं नाही. प्रत्येक तारखेला रोज बुडतो. वांग्याच्या भाजीसाठी कुणी पोरगी हे सगळं करील, असं खरंच वाटतं का?

आणि आकडे पाहा. २०११च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं साडेतेरा लाखांच्या आसपास होती. 'विभक्त' म्हणून नोंदलेली जवळपास तिप्पट. दोन्हींत बायका जास्त. म्हणजे आपल्याकडे ज्याचा सुळसुळाट आहे ते घटस्फोट नव्हेत. अर्धवट मोडलेली लग्नं आहेत. नवरा दुसरी करून मोकळा, ही कागदावर अजून बायको. ना पोटगी, ना सुटका, ना शेतात नाव. ऐंशीच्या दशकात संगमनेरहून अ‍ॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सोबतिणींनी परित्यक्तांना एकत्र करायला सुरुवात केली ती याच बायकांसाठी. तुम्हाला भीती आहे मोडण्याची. मला भीती आहे ती लोंबकळण्याची. ज्या पोरी लोंबकळत आहेत त्यांना जर हे जेवण पाहून कागद पुरा करून घ्यावासा वाटला, तर ती फूस मी आनंदाने लावते.

आता ज्यांनी पारावर तुम्हाला विरोध केला आणि माझी बाजू घेतली, त्यांच्याशीही भांडण आहे. पुण्यात नोकरीला असलेला आमचा भाचा लगेच पुढे सरसावला: केक आणू, काळा, वर बाहुला-बाहुली, बाहुल्याचं मुंडकं उडवलेलं. डीजे आणू. कमान लावू. त्याने मोबाइलवर कुठकुठले व्हिडिओ दाखवले. बाबा रे, म्हटलं, तुला बदला घ्यायचा आहे आणि तिला जेवायचं आहे. भोपाळला सप्टेंबर २०२२ मध्ये एका पुरुषांच्या संघटनेने अठरा घटस्फोटित पुरुषांसाठी असाच 'विवाह विच्छेद समारोह' छापील पत्रिकेसह ठरवला होता, त्यात वरमालेचं विसर्जन वगैरे विधी. ओरड झाली, कार्यक्रम रद्द झाला. रद्द झाला ते योग्य की अयोग्य हा वाद सोडा. मला खटकली ती वरमाला. लग्नातला एकेक विधी उलटा करून लग्नाचीच नक्कल केली की लग्नच मोठं ठरतं. पुढच्याच वर्षी रांचीत एका बापाने लेकीला सासरहून वाजतगाजत घरी आणलं. त्यात मला खोट दिसली नाही, कारण तिथे कुणाची टर नव्हती. लेक घरी येते आहे, एवढंच बँड सांगत होता. आफ्रिकेतल्या मॉरितानियात तर फारकत झालेल्या लेकीला मेंदी लावून, गाणी म्हणून, जेवण घालून परत घेण्याची रीतच आहे, आणि तो मुसलमान देश आहे. 'धर्मात बसत नाही' म्हणणाऱ्यांनी तिथली मशीदही पाहून यावी.

केक नाही. नवऱ्याचं नाव नाही, चांगलं नाही, वाईट नाही. फोटो काढा, पण स्टेटसला ठेवू नका. आधी तिला विचारा.

खर्चाचं कलम मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या जिल्ह्यात तो विनोदाचा विषय नाही. म्हणून हिशेबच मांडते. जाडसर दळलेली कणीक पंधरा किलो, तूरडाळ पाच, वांगी बारा, तांदूळ चार, तूप तीन, तेल पाच, शेंगदाणे, गूळ, मीठमसाला, हळद घरची. पत्रावळी नव्वद, कारण ऐंशी सांगितले की नव्वद येतात. गोवऱ्या बहिणीच्या गोठ्यातल्याच, थोड्या शेजारून. आचाऱ्याची मजुरी धरून दहा हजारांच्या आत-बाहेर. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे दोन क्विंटल सोयाबीन. हमीभावाने विकलं गेलं तर, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही.

याच अंगणातून आठ वर्षांपूर्वी लग्नात किती गेलं ते तुम्हाला तोंडपाठ आहे, कारण पहिल्या पंगतीला तुम्ही होता. तेव्हा तुम्ही खर्चाचं पत्र लिहिलं नाहीत. आणि धोंड्याचा महिना तोंडावर आहे. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. त्या दिवसापासून या जिल्ह्यात घरोघर जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतील, कपडे करतील, ऐपत असेल तिथे चांदीचं ताट नाहीतर अंगठी देतील, आणि ऐपत नसेल तिथे उसनवारी करून देतील. अतिवृष्टी तिथे आडवी येणार नाही. माझी बहीण सहा वर्षांत त्या जावयावर काय-काय खर्चत आली ते सांगत बसत नाही. लेकीच्या नावाने दोन क्विंटल निघाले तर गावाला शेती आठवली, एवढं फक्त नोंदवते.

दिवस १० मे का, हेही विचारलं आहेत. मुहूर्त पाहिला नाही. कायदा पाहिला. निकाल जानेवारीच्या शेवटी लागला. अपिलाची मुदत नव्वद दिवसांची, आणि ती संपेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या, मुदत सरू द्या, मग काय जेवायचं ते जेवा. अधिक महिना लागला की पाहुणे धोंड्यांच्या गडबडीत. मधे राहिलेल्या रविवारांतला हा सोयीचा. संध्याकाळ अशासाठी की मे महिन्यात दुपारी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांजवळ आचाऱ्याला उभं करणं हे पाप आहे.

भांडी आंदणाची वापरणार आहोत. याचा तुम्हाला विशेष राग आला आहे असं कळलं, म्हणून सविस्तर सांगते. लग्नात दिलेली भांडी करारानुसार परत आली, टेम्पोने. स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं असतं, सासरकडे ती फक्त ठेव. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ सालीच स्पष्ट केलं आहे. दोन पितळी पराती, हंडा, कळशी, पातेल्यांची उतरंड, सोळा ताटं, वाट्या मोजून अकरा. पाच गेल्या त्या गेल्या. प्रत्येकावर नाव कोरलेलं: कुणाकडून, कुणाला, कोणत्या तारखेला. तिच्या नावामागे 'सौ.' आहे. शेजारच्या बाईने सुचवलं, सोनाराकडून घासून घ्या. भाची म्हणाली, राहू द्या, देणाऱ्यांची नावं पण त्यातच आहेत. मामाच्या परातीत कणीक भिजेल, आत्याच्या पातेल्यात वरण शिजेल. एका पातेल्यावर तुमचं नाव आहे, गुरुजी. मध्यम आकाराचं, कडेला किंचित चेपलेलं. चेपलं कसं ते मी लिहिणार नाही. त्यात कढी करायचा विचार आहे.

रोडगे कसे होतात हे तुम्हाला मी काय सांगणार, पण शहरात वाचणाऱ्यांसाठी: कणीक घट्ट, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. आत तेलाचा हात देऊन घड्या घातलेला गोळा, मुठीपेक्षा मोठा. गोवऱ्या पेटवून धूर ओसरला, निखारे झाले की त्यात पुरायचे, फिरवत राहायचे. भेगा पडल्या की झाले. मग फडक्यात घेऊन राख झटकायची, मुठीने फोडायचा, त्यात तूप, त्यावर तुरीचं वरण. रोडग्याची एक गंमत आहे: हे काम आमच्याकडे गडी माणसांचं. रानात, देवाच्या दारात, नवसाला, पुरुषच थापतात आणि भाजतात. त्यामुळे तिच्या जेवणाला तिला चुलीपाशी बसावं लागणार नाही. भाऊ, चुलते, दोन मावसभाऊ आणि तो केकवाला भाचा, त्याला गोवऱ्यांवर बसवला आहे.

पंगतीचा क्रम बदलला आहे. आपल्याकडे पहिली पंगत पुरुषांची, मग पाहुण्यांची, मग बायकांची, आणि घरच्या बायका भांड्याच्या तळाशी जे उरेल त्यावर. १० तारखेला पहिली पंगत बायकांची. भाची पहिल्या पंगतीत, मधल्या पाटावर. तिच्या दोन्ही बाजूंना कोण, हे तिने ठरवलं आहे: एका बाजूला तिची नव्वदीची आजी, दुसऱ्या बाजूला गावातली ती विधवा बाई जी तिला हळदीच्या कामावर रोज सोबत न्यायची. ओवाळणी नाही, ओटी नाही, म्हणजे कुणाला वगळायचा प्रश्नच नाही. वाढपी सगळे पुरुष. आग्रह करायचा, पण 'आता दुसरं कधी' हा आग्रह करायचा नाही. दाराशीच सांगणार आहोत. दुसरं करायचं की नाही ते ती बघेल.

लेकराचं म्हणालात. सहा वर्षांचा आहे. त्याच्या मनावर परिणाम व्हायचा तो कधीच सुरू झाला आहे, आणि तो जेवणाने झालेला नाही. तो गावातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत, कुणीतरी वाकून 'तुझा बाप कुठंय रे' विचारतं त्याने झाला आहे. आता तो पंगतीत जायचंच नको म्हणतो. म्हणून त्याला काम दिलं आहे. प्रत्येक वाढप्याची सुरुवात मिठापासून होते; त्याच्याकडे मिठाची वाटी आहे, चमचा आहे, आणि ऐंशी पानं. गेले चार दिवस तो ओसरीवर रिकाम्या पत्रावळ्या मांडून सराव करतो आहे. डाव्या कोपऱ्यात, चिमूटभर, सांडायचं नाही.

गुरुजी, तुम्ही येणार की नाही हे पत्रात लिहिलेलं नाही. दुसऱ्या पंगतीत तुमचं पान धरलं आहे. साखरेचं तुमचं ठाऊक आहे. गूळ-शेंगदाण्याचा लाडू तुमच्या पानात पडणार नाही, कढी पडेल. यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत निरोप द्या. कणीक शनिवारी दळून आणायची आहे.